जमिनीतून निघालेली बाटली धुण्याआधी

जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधायला घेतलं की मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावात पायाच्या चरातून काही ना काही वर येतंच. आपल्याकडे शेताची जमीन ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंती, माळवदावरची माती, चुलीतली राख, उकिरडे, खापरं, हाडं यांचे थर साचून पांढरी तयार होते. आमचं हसनाबाद भोकरदन तालुक्यात. तालुक्याच्या गावी, भोकरदनला, १९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केलं. तेव्हा सातवाहनकाळातलं भोगवर्धन मातीखालून उजेडात आलं. त्यात मणी होते, बांगड्या होत्या, आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती होती, जिचं इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी साम्य आहे. एवढं मोठं भाग्य प्रत्येक अंगणाच्या वाट्याला येत नाही. आपल्या अंगणातून निघतात त्या शे-पन्नास वर्षांपूर्वीच्या बाटल्या. त्या धुण्याचीच गोष्ट मी इथे सांगणार आहे, कारण त्या धुण्यापायी आमच्या घरातलं एक पोर दवाखान्यात गेलं.

घराचं माळवद गळायला लागलं होतं, भिंतींना घुशींनी पोखरलं होतं. भावाने ते पाडून स्लॅबचं घर बांधायला काढलं. संडासाच्या टाकीसाठी मागच्या अंगणात खड्डा घेताना जेसीबीच्या बकेटीत राखेचा काळा थर आला. पूर्वी तिथे उकिरडा होता. थरासोबत बाटल्या निघाल्या. गळ्यात काचेची गोटी अडकलेली जाड हिरवट सोड्याची बाटली, अंगावर मात्रेच्या रेघा असलेल्या औषधाच्या चपट्या बाटल्या, शाईच्या दौती, अत्तराची बोटाएवढी कुपी, कंदिलाच्या काचांचे तुकडे. आणि एक तपकिरी बाटली. तिचं पत्र्याचं झाकण गंजून घट्ट बसलं होतं आणि हलवली की आत काहीतरी डुचमळत होतं.

‘‘ताई, ह्या निजामाच्या राज्यातल्या दिसायल्यात,’’ खड्ड्यावरचा म्हातारा मजूर म्हणाला. काही असतीलही. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, जालन्याला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, आणि गोटीचा सोडा, विलायती औषधं अशा वाटांनी आडगावांतही पोचली. पण त्याच थरात प्लास्टिकचं टोपणही होतं. उकिरड्यात घुशी बिळं करतात, माणसं खड्डे घेतात, खत उपसतात, नवं टाकतात. त्यामुळे खोल सापडली म्हणजे जुनी, असं उकिरड्यातल्या वस्तूंबाबत म्हणता येत नाही. जिला आपण निजामाच्या काळातली समजतो ती बाटली १९७० सालची फवारणीची निघू शकते. ही समजूत धोक्याची कशी, ते पुढे येईलच.

मी जालन्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. दिवाळीच्या सुटीत गावी गेले होते. माझा भाचा अकरावीत, हौशी. बाटल्या लख्ख करून नव्या घरातल्या कोनाड्यात मांडायच्या, असं त्याने ठरवलं. साबणाने त्यांचा पांढरा थर हलेना. घरात बांधकाम चाललेलं, म्हणून फरशीवरचं सिमेंट काढायला गवंड्याने आणलेलं ॲसिड होतं. पाण्याच्या टाकीत टाकायला आणलेली टीसीएल पावडरही होती, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. एकाने थर जातो, दुसरीने डाग जातात, मग दोन्ही मिळून जास्त चांगलं होईल, हा त्याचा हिशेब. जुन्या न्हाणीत दार लावून त्याने बादलीत बाटल्या ठेवल्या, वर टीसीएल भुरभुरली आणि ॲसिड ओतलं.

वहिनीने पहिल्यांदा खोकला ऐकला. मी ओसरीवर होते, मला वास आला. तो वास प्रयोगशाळेत एकदा नाकात गेला की माणूस विसरत नाही. दार उघडलं तेव्हा बादलीतून हिरवट पिवळा धूर वर येत होता आणि पोर भिंतीला धरून ओकत होतं. भावाने तोंडाला ओला टॉवेल लावून त्याला ओढून अंगणात आणलं. मी त्याचे कपडे काढायला लावले, डोळ्यांवर हौदातलं पाणी ओतत राहिले. तासाभरात त्याला बरं वाटू लागलं, आणि घरातली सगळी म्हणू लागली की आता जालन्याला कशाला न्यायचं. मी हट्टाने नेलं. रात्री छाती भरून आली, ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टरांनी सांगितलं की गावीच ठेवला असता तर अवघड होतं. पोर आज ठणठणीत आहे.

त्या बादलीत क्लोरीन वायू तयार झाला होता. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यात क्लोरीन बांधलेल्या रूपात असतो, आणि पाण्यात थोडा थोडा सुटतो म्हणून तर ती विहिरीत टाकतात. तिच्यावर ॲसिड पडलं की तोच क्लोरीन एकदम मोकळा होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने फ्रेंच फळीवर सोडला होता तो हाच वायू. हवेपेक्षा जड असल्याने तो खंदकांत उतरला आणि तिथेच राहिला. बंद दाराच्या, खोलगट, वर एक झरोका असलेल्या न्हाणीतही तो असाच जमिनीलगत साचतो. फुप्फुसातल्या ओलाव्यात मिसळून त्याचं आम्ल होतं, आणि आतली सूज कधी कधी कित्येक तासांनी चढते. म्हणून वाचलेल्या माणसाने ‘आता बरं वाटतंय’ म्हटलं तरी त्याला दवाखान्यात नेऊन देखरेखीखाली ठेवायचं.

असं कुणाच्या घरी घडलंच तर माणसाला आधी मोकळ्या हवेत, उंचवट्याकडे न्या. डोळे आणि कातडी भरपूर पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा, वायू लागलेले कपडे काढा, १०८ला फोन करा. बादली उपसायला, बाटल्या वाचवायला कुणीही परत आत जायचं नाही. दार उघडं टाकून वायू जाऊ द्यायचा. आणि हे फक्त फरशीच्या ॲसिडापुरतं नाही. संडास साफ करायच्या द्रावणातही तेच ॲसिड असतं. लिंबूसत्त्व, व्हिनेगर ही सौम्य आम्लंही टीसीएलसोबत क्लोरीन सोडतात. मुतारीत टीसीएल टाकली तर अमोनियामुळे वेगळा, पण तसाच झोंबणारा वायू होतो. टीसीएलसोबत पाण्याशिवाय काहीही नको, एवढा एकच नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

क्लोरीन त्या दिवशीच कळला, कारण त्याने डोळ्यांत पाणी आणलं. तपकिरी बाटलीने तसं काही केलं नाही. ती दोन दिवस ओसरीच्या कठड्यावर पडून होती. येणारा-जाणारा हलवून बघत होता. गवंडी म्हणाला, ‘‘जुनी दारू असली तर लई भारी असती.’’ त्याने पक्कड आणली, तेवढ्यात खड्ड्यावरच्या म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. ‘‘उघडू नगं. माझा बाप असल्याच बाटलीतलं औषध सरकीवर मारायचा. त्याच्या वासानं बैल खाली बसायचा.’’

तो एंड्रीनबद्दल बोलत होता. जालना, भोकरदन हा कापसाचा पट्टा. साठ-सत्तरच्या दशकांत इथे कपाशीवर एंड्रीन सर्रास मारलं जाई, आणि १९९० साली सरकारने त्यावर बंदी आणली. हे कीटकनाशक मातीत दहा-बारा वर्षं आणि त्याहून जास्त टिकतं. बंद बाटलीत तर त्याला कशाचाच त्रास नाही. ते कातडीतून अंगात जातं आणि माणसाला झटके आणतं. आमच्या बाटलीत तेच होतं का, ते मी तपासून घेतलं नाही, घ्यायची गरजही वाटली नाही. जी बाटली बंद आहे, जिच्यात द्रव, भुकटी किंवा खडे आहेत आणि जिच्यावरचं लेबल गेलंय, ती विषाची समजायची. ती आम्ही कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून, उभीच, प्लास्टिकच्या झाकणाच्या बादलीत ठेवली. भोवती कोरडी वाळू भरली, झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘विष, उघडू नये’ लिहिलं आणि बादली गोठ्यापासून, पाण्यापासून, पोरांच्या हातापासून लांब कुलपात ठेवली. तालुका कृषी कार्यालयाला लेखी कळवलं. असा विषारी कचरा योग्य ठिकाणी कसा न्यायचा, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयातही विचारता येतं. त्यांचं विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर बाटली वाळूत सुरक्षित असते. ती गिरजा नदीच्या पात्रात फेकणं, परत पुरणं किंवा ओढ्याकाठी फोडणं, हे तिन्ही पर्याय गावाच्या पाण्यात विष मिसळण्याचेच आहेत.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती औषधं दुकानातून आणलेली होती, डब्यांवर नावं होती, सूचना छापलेल्या होत्या. आपल्या हातातल्या बाटलीवर तर काहीच लिहिलेलं नाही.

जुन्या औषधांचंही तेच. विलायती दवाखाने आणि देशी वैद्य-हकीम, दोघंही सोमल, पारा, कुचला वापरत. इंग्लंडमध्ये विषाच्या बाटल्या मुद्दाम गर्द निळ्या किंवा हिरव्या काचेच्या, सहा कोनी, अंगावर उभ्या धारा असलेल्या करत. अंधारात चाचपडतानाही हाताला कळावं, हा त्यामागचा विचार. अशी धारदार अंगाची निळी बाटली मिळाली तर ती देखणी असते खरी, पण तिचा तो आकारच धोक्याची सूचना आहे. कुठल्या बाटलीतून चांदीसारखे थेंब घरंगळले तर तो पारा. झाडू मारला तर त्याचे बारीक थेंब होऊन खोलीभर पसरतात आणि त्यांची वाफ होत राहते. दारं-खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर काढावं, कडक कागदाने थेंब एकत्र ढकलून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. अंगावरचे दागिने आधी काढून ठेवावेत, पारा सोन्याला धरतो.

म्हणून धुण्याच्या आधीचं काम ओळखण्याचं आहे. बाटली रिकामी आहे का, तिच्या तळाशी वाळलेला चिकट थर आहे का, वास येतो का? हा वास नाक लावून घ्यायचा नाही. बाटली हातभर लांब धरून हाताने हवा आपल्याकडे सारायची. तेलकट, औषधी, झोंबणारा, रॉकेलसारखा कसलाही वास आला तर ती बाटली वेगळी काढायची. रिकाम्या, बिनवासाच्या, तुटक्या नसलेल्या बाटल्याच धुवायला घ्यायच्या. अशा निवडीनंतर आमच्याकडे निम्म्याहून कमी बाटल्या उरल्या, आणि तेवढ्या पुष्कळ झाल्या.

उरल्या त्यांचं वय जमेल तेवढं काढावं, कारण वयावर धुण्याची रीत ठरते. बाटलीच्या अंगावर साच्याची उभी शिवण असते. ती गळ्याच्या मध्येच संपत असेल तर ओठ हाताने बसवलेला आहे, म्हणजे बाटली बहुधा विसाव्या शतकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची. शिवण थेट ओठापर्यंत गेली असेल तर ती यंत्रावरची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं आपोआप बाटल्या करणारं यंत्र १९०३च्या सुमाराला आलं आणि पुढच्या काही दशकांत जगभर हाताने फुंकलेल्या बाटल्या मागे पडल्या. काचेत बुडबुडे, तळाशी काच धरायची सळई तोडल्याचा खरखरीत व्रण, एका बाजूला झुकलेला गळा, या हातकामाच्या खुणा. हिरवट निळी झाक वाळूतल्या लोहामुळे येते. आपल्याकडे पैसा फंडाचा काच कारखाना तळेगाव दाभाड्याला १९०८ साली उभा राहिला, आणि ओगले बंधूंचा कारखाना कराडजवळ १९१६ साली. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील आमच्याही घरात होता. उकिरड्यातल्या कंदिलाच्या काचा पाहून भावाला आजीची आठवण आली. गोटीची सोडाबाटली मात्र मूळची इंग्लंडची. हायरम कॉड याने तिचं पेटंट १८७२ साली घेतलं. आतल्या सोड्याच्या दाबाने गोटी गळ्यातल्या रबरी कडीवर दाबली जाते आणि बूच लागतं.

आता धुणं. त्यासाठी लागतं ते सगळं घरात आहे, फक्त फरशीच्या ॲसिडला हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या टपात तळाशी जुनं लुगडं किंवा गोधडी अंथरायची, म्हणजे बाटल्या एकमेकींवर आपटत नाहीत. पाणी बाटलीएवढंच थंड हवं. वहिनीने बंबातलं कढत पाणी एका दौतीत ओतलं आणि ती जागच्या जागी उभी तडकली. काचेचा आतला भाग फुगतो, बाहेरचा थंडच राहतो, आणि जमिनीत वर्षानुवर्षं दबलेल्या काचेत बारीक चरे आधीच असतात. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिने बाटली कुठे कुठे दाबली असेल ते डोळ्यांना दिसत नाही.

साध्या पाण्यात एक रात्र भिजू द्या, माती आपसूक सुटते. ते पाणी टाकून दुसऱ्या पाण्यात थोडा भांड्यांचा साबण किंवा रिठ्याचं पाणी. बाहेरून मऊ फडकं. आत घालायला बाटलीचा ब्रश हवा, पण ज्याच्या टोकाला तार उघडी नाही असा, नाहीतर बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून. तळाच्या कोपऱ्यातली घाण निघत नसेल तर मूठभर तांदळाची कणी आणि थोडं पाणी घालून बाटली हळूहळू गोल फिरवायची. आपल्या आया-आज्या तेलाच्या बाटल्या अशाच धूत. वाळू, वीटकूर, तारेची घासणी, लोखंडी सळई यांना हात लावू नये. एकदा उठलेला चरा परत जात नाही.

पांढरा, दगडासारखा चिकटलेला थर असतो तो बहुतेक वेळा चुन्याचा. आमच्या जमिनीत चुनखडीचे खडे किती आहेत, ते कुदळ मारणाऱ्याला विचारा. जमिनीतलं पाणी हाच चुना बाटलीवर बसवतं. वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व चमचाभर घेऊन तांब्याभर पाण्यात विरघळवा आणि त्या पाण्यात बाटली बुडवून ठेवा. बारीक बुडबुडे आले म्हणजे थर चुन्याचाच आहे. तो कार्बन डायऑक्साइड, उघड्या हवेत निरुपद्रवी. पण त्या वेळी बाटलीचं तोंड बंद करू नका. बुडबुडे थांबले की पाणी बदला, घाई करू नका. फरशीचं ॲसिड काही क्षणांत करेल ते लिंबूसत्त्व काही दिवसांत करतं, आणि श्वास शाबूत राहतो. काच कोरायला वापरतात ते हायड्रोफ्लोरिक ॲसिड कुणी हौशी माणूस सुचवेल. ते घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका. त्याचं भाजणं आधी दुखतही नाही आणि हाडापर्यंत जातं.

धुण्याचं पाणी कुठे टाकता, तेही बघा. विहिरीजवळ, हौदात, गुरं पितात त्या डबक्यात नको. बाटल्या उलट्या करून सावलीत, कापडावर वाळवा. कागदी लेबलाचा तुकडा शिल्लक असेल तर ती बाटली बुडवायचीच नाही, बाहेरून कोरड्या ब्रशने माती काढून तशीच ठेवायची. गोटीच्या बाटलीत गोटी मातीने अडकलेली असते. ती सळईने ढकलायची नाही, भिजवत राहायचं, ती स्वतः सुटते आणि वाजायला लागते. आमच्याकडे ती वाजली तेव्हा सगळं घर गोळा झालं. तिच्यात परत सोडा भरून बघावा असं कुणालाही वाटेल. भरू नये. चरे पडलेली जुनी काच दाबाखाली फुटली तर तिचे तुकडे तोंडावर येतात.

एवढं करूनही काही बाटल्यांवर दुधाळ धुकं राहतं, काहींवर इंद्रधनुष्यासारखे रंग. पुष्कळ जण इथेच चुकीच्या वाटेला लागतात. ते धुकं म्हणजे मळ नव्हे, ती काचच आहे. वाळू, सोडा आणि चुना वितळवून काच होते. ओल्या मातीत वर्षानुवर्षं राहिल्यावर पाणी तिच्यातला सोडा ओढून नेतं आणि मागे गारगोटीच्या द्रव्याचे पातळ पापुद्रे उरतात. पापुद्र्यांमधून उजेड परततो तेव्हा ते रंग दिसतात. ॲसिड त्या पापुद्र्यांतला उरलासुरला क्षारही ओढून घेतं. घासलं तर पापुद्रे गळून पडतात आणि खालची काच खडबडीत निघते. खोबरेल तेल लावलं की धुकं दोन दिवस दिसत नाही, मग धूळ धरून जास्तच दिसतं. ज्या बाटलीचे पापुद्रे हाताला येतात ती ओली असेल तर एकदम उन्हात वाळवू नका, ओलसर कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि जाणत्याला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथली माणसं हेच काम करतात. बाकीच्या धुकट बाटल्या धुकट राहू द्याव्यात. ते धुकं त्यांनी मातीत काढलेल्या वर्षांचं आहे, आणि मला ते लख्ख काचेपेक्षा जास्त आवडतं.

धुतलेल्या बाटलीत पाणी, तेल, मध, लोणचं, गुटी, काहीही खाण्यापिण्याचं भरायचं नाही, कितीही स्वच्छ दिसली तरी. पूर्वी काय होतं ते माहीत नाही आणि झिजलेली काच ते धरून ठेवते. उलटंही तितकंच खरं. पाण्याच्या, सरबताच्या बाटलीत रॉकेल, ॲसिड, औषध भरून ठेवू नये. तहानलेलं पोर ओळखीची बाटली तोंडाला लावतं. असं झालंच तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका. ॲसिड वर येताना दुसऱ्यांदा भाजतं आणि रॉकेल फुप्फुसात उतरतं. बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा, आत काय होतं ते डॉक्टरांना बाटलीवरूनच कळतं.

खोदणाऱ्यांसाठीही सांगते. काच दिसली की जेसीबी थांबवावा आणि खुरप्याने माती सैल करावी. हाताला काच लागली तर जखम साबणाने धुऊन चोवीस तासांच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताची लस घ्यावी. उकिरड्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि जखम लहान असली तरी ते शिरतात. आणि खोदताना धान्याचं जुनं पेव किंवा बुजलेला आड उघडा पडला तर बाटलीच्या लोभाने आत कुणीही उतरायचं नाही. बंद पेवात प्राणवायू नसतो. पहिला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही.

बाटल्यांसोबत नाणी, दागिना, तांब्याचं भांडं, मूर्ती मिळाली तर ते लगेच आपलं होत नाही. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरते आणि ती परदेशी पाठवता येत नाही. कायद्याच्या भीतीने माणसं वस्तू लपवतात किंवा वितळवतात, याचं मला फार वाईट वाटतं. तेर गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीतून निघणाऱ्या वस्तू जपून ठेवल्या, आज त्यांच्या नावाने तिथे शासनाचं संग्रहालय आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवून राजा केळकर संग्रहालय उभं केलं. बाटली कुठे, किती खोल, कशासोबत सापडली, ते कागदावर लिहून ती कागदासकट ठेवली तर तिचं मोल वाढतं. भाच्याने आता एक वही केली आहे, त्यात प्रत्येक बाटलीचं चित्र आणि जागा आहे.

तुमच्याकडे बांधकाम निघणार असेल तर पहिल्याच दिवशी गवंड्याला आणि जेसीबीवाल्याला सांगून ठेवा, की बाटली निघाली तर झाकण न उघडता एका घमेल्यात बाजूला ठेवायची आणि घरच्यांना हाक मारायची. आणि आज संध्याकाळी न्हाणीत, संडासात, फडताळात एकदा बघा. ॲसिडची बाटली आणि टीसीएलचा डबा शेजारी शेजारी असतील तर त्यातलं एक उचलून आत्ताच दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.